आतनं दार धर

ही ऐकीव गोष्ट नाही. इम्तियाजनं ती स्वतः सांगितली आणि सांगताना त्याची बायको इशरत शेजारीच बसली होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

साल २००२. मे महिन्यातला गुरुवार. गाव शिक्रापूर.

रात्र नव्हती बरं का. भर दुपारी दीड वाजता घडलं हे.

इम्तियाज दौंडचा. रांजणगावच्या एका कंपनीत लागला, म्हणून शिक्रापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. पुढची खोली चांगली होती. मागची मात्र अंधारी... खिडकी नाही, बाहेर जायला दुसरं दार नाही. जायचं-यायचं ते पुढच्या खोलीतूनच.

त्या मधल्या दाराला कडी नव्हती. नुसती जुनी भोकं होती. रात्री उंदीर पुढं येऊन अंगावरून पळायचे.

"आज सुट्टी हाय, तर तेवढी कडी बसवा की," इशरत म्हणाली.

इम्तियाजला यातलं काही येत नव्हतं. खिळा ठोकायला गेला, की पहिला घाव अंगठ्यावर. पण एवढ्यासाठी सुतार कशाला? शेजारून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि बसला खटपट करत.

जुन्या भोकांत स्क्रू नुसतेच गरगर फिरायचे. काडीपेटीच्या काड्या कोंबून झाल्या. तरी ढिलेच. शेवटी मोठे स्क्रू आणायला तो नाक्यावर गेला. निघाला तेव्हा इशरत मागच्या खोलीत डबे लावत होती.

परत आला, तर वीज गेलेली. मधलं दार बंद.

दार खाली बसलं होतं. उचलून धरल्याशिवाय कडी चौकटीशी जुळेना.

"इशरत, आतनं दार धर गं. जरा वर उचल."

दार वर उचललं गेलं... अलगद.

"अजून थोडं. हां, बास."

बरोबर तिथंच थांबलं.

एक स्क्रू. दुसरा. तिसरा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काम सरळ होत होतं. एवढं जड दार, पण जराही हललं नाही.

इशरत मात्र बोलत नव्हती. एरवी तिची टकळी बंद नसायची.

"हात दुखला का गं?"

आतून काहीच नाही.

चौथा स्क्रू बसला... आणि पाठीमागून आवाज आला.

"कुणाशी बोलताय?"

इशरत उंबऱ्यात उभी होती. डोक्यावर पिठाचा डबा. सकाळी टाकलेलं दळण घेऊन गिरणीतून आली होती.

इम्तियाजनं दाराकडं बघितलं.

दार अजून तसंच होतं. उचललेलं.

'सोड' असं त्यानं अजून म्हटलंच नव्हतं.

मग ते हळूच खाली बसलं...

त्यानं दार ढकललं. सहज उघडलं. आत कुणी नव्हतं. डबे, एक पोतं, बस्स. बिजागरीत अडकलं असेल, त्यानं स्वतःला समजावलं. इशरतला उगाच कशाला घाबरवायचं? काही न बोलता तो बाहेर नळावर हात धुवायला गेला.

इशरत पीठ ठेवायला आत गेली.

धाड्!

तो पळत आला. दार बंद. कडी उघडीच होती, तरी दार हलेना. त्यानं खांदा लावला, लाथा घातल्या, ओरडून ओरडून घसा बसला.

"इशरत! इशरत!"

आतून चूं नाही.

मग त्याचं लक्ष खाली गेलं. दार जमिनीपासून बोटभर वर होतं...

का, कसं, त्याला आजही सांगता येत नाही. तो ओरडायचा थांबला. दाराला तोंड लावून हळू म्हणाला,

"झालं काम. सोड आता."

दार धप्पदिशी खाली बसलं.

इशरत बाहेर आली. घाबरलेली नव्हती. त्याला समोर बघून मात्र जागीच थांबली.

"तुम्ही... बाहेर कवा आलात?"

"मी बाहेरच हाय. किती हाका मारल्या!"

"एक बी हाक आली न्हाई." तिनं मागं वळून बघितलं. "अंधारात तुम्ही शेजारी हुता की. मी हात धरला हुता तुमचा..."

ते दोघं तसेच रस्त्यावर आले.

घरमालकीण सारजाबाई समोरच राहायच्या. त्यांनी सगळं ऐकलं, आत जाऊन दार बघितलं आणि कडीकडं बोट केलं.

"ती कडी आमी काडून टाकली हुती, बाबा. तू कशाला बसवली?"

"का काढली हुती, मावशी?"

कितीदा विचारलं, तरी "ऊन हाय तवर सामान हलवा," एवढंच.

संध्याकाळच्या आत दोघं दौंडला पोचले.

आता वीसेक वर्षं झाली. पण घरात वीज गेली आणि अंधारात इम्तियाजनं हात पुढं केला, की इशरत तो धरत नाही. आधी त्याला बोलायला लावते.

त्यानं एकदाच विचारलं होतं, "तो हात गार हुता का गं? कसा हुता?"

तिनं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं.

मग म्हणाली, "न्हाई... तुमच्यासारखाच हुता."