आठे बी नही, तठे बी नही

परीक्षानळी हलवून हलवून हात दुखायला लागला, तरी ब्रोमिनचा रंग काही जाईना. दुहेरी बंध असला की रंग उडतो, एवढंच मला ठाऊक. नळीत टोल्युइन होतं, आणि त्याच्या कड्यात तर तीन-तीन काढतात!

“संध्याकाळपर्यंत हलवलंस तरी जायचा नाही,” शेजारच्या टेबलावरचा चंदन म्हणाला. हा इथल्याच, धुळ्यातल्या देवपूरचा. आजवर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

“मग दुहेरी बंध आहेत कुठे? कार्बनच्या या जोडीत की त्या?”

“आठे बी नही, तठे बी नही,” तो हसला. “बठ्ठीकडे शेतस.”

मी पहूरची; त्याच्या अहिराणीतलं हे ‘शे’ आमच्या बोलीत नाही. मग त्याने सरळ मराठीत समजावलं — इथेही नाहीत, तिथेही नाहीत, सगळीकडे आहेत; त्या बंधांचे इलेक्ट्रॉन कुठल्याच एका जोडीला बांधलेले नसतात, सगळ्या कड्यावर पसरतात. त्यामुळेच रेणूची ऊर्जा कमी होते, तो स्थिर होतो. ब्रोमिनसाठी हे सुख कोण मोडेल? म्हणजे घटकेत इथे, घटकेत तिथे उड्या मारतात का, मी विचारलं. तसंही नाही म्हणे. रेणू एकच असतो, फक्त आपल्याला तो एका चित्रात काढता येत नाही. मी मान हलवली. कळलं काहीच नाही... पापण्या फारच लांब होत्या त्याच्या.

मग तो रोजच समजावू लागला. पण चारुलतालाही समजावायचा, तेजसलाही, तसंच हसून. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. हा माझा, की सगळ्या वर्गाचा? परीक्षा संपली. जळगावच्या शाळेत माझी नोकरी ठरत आली होती. आता तो बोलला नाही, तर विषयच संपत होता.

धुळ्याच्या स्टँडवर बॅग माझ्या हातात देताना तो पुटपुटला, “ऐक... तू मनी शेस.”

मनी? आमच्या घरी मनी मांजरीला म्हणतात! मी तडक बसमध्ये जाऊन बसले.

“मांजर म्हणतो मला,” मी शेजारच्या सीटवरच्या अक्कांकडे कुरकुरले. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

“मनी म्हनजे माझी, व माय.”

मी धावतच खाली उतरले. तो तिथेच उभा होता, चेहरा पाडून.

“चारुलतालाही... मनीच म्हणतोस?”

“समजाडस बठ्ठास्ले,” तो म्हणाला. समजावतो सगळ्यांना, तर. “मनी एकच शे.”

मी त्याचा हात धरला. तेवढ्यात घंटी वाजली, आणि बस माझी बॅग घेऊन जळगावला निघून गेली.