टेकाडावरचा बुरूज

फराळाच्या बश्या उचलून झाल्या, तशी अपूर्वानं एक पणती ठेवून बाकीचे दिवे मालवले. "हं, नीळकंठकाका, आता सांगा. पण खरंच घडलेलं हं!"

"खोटं कशाला सांगू? आमच्या ऑफिसातल्या शशिकांतचं हे. दोन हजार सहाची धनत्रयोदशी."

विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प या डच गावात शशिकांतनं नुकतंच घर भाड्यानं घेतलं होतं. त्या संध्याकाळी बायको, मालिनी, विमानतळावर रात्रपाळीला निघताना बजावून गेली, "पोरीला आज किल्ला करून द्या हो. उद्या-उद्या नको."

मागच्या बागेत गवताचं टेकाड होतं. त्याच्या पोटात युद्धातला निवारा. बॉम्ब टाकायला विमानं आली की शेजारपाजारचे त्यात दडायचे. दार केव्हाच विटांनी बुजवलंय, असं घरमालकीण म्हणाली होती. माथ्यावर मनगटाएवढी लोखंडी नळी तेवढी डोकावत होती.

शशिकांत खूश. आयता डोंगर! त्यानं ओल्या मातीचा गोळा नळीच्या तोंडात गच्च बसवला, वर झेंडा खोचला.

"बाबा, व्हॉट्स इन द पाइप?" सात वर्षांच्या नीलांबरीनं विचारलं.

"बुरूज आहे तो, राणी. मावळे मांड."

मग दक्षिणेला तोंड करून त्यानं खिडकीत यमदीप लावला आणि दोघं झोपली.

जाग आली ती गुदमरून. यमदीप विझला होता. देवापुढची समईसुद्धा. त्यानं काडी ओढली. ज्योतीनं लगेच मान टाकली. दुसरी ओढली... तीही.

खिडकी हलेना. मागच्या दाराचं कुलूप निघालं, दार निघेना. बाहेरून कुणी विटा रचल्यासारखं.

खोलीत गर्दी होती. दिसत कुणीच नव्हतं. खांद्याला खांदा लागत होता.

वरून विमान गेलं. सगळ्यांनी श्वास रोखला.

सगळ्यांनी...

नीलांबरी उठून बसली. ओठ निळे. "बाबा... टेल देम टू मूव्ह."

"कुणाला गं?"

तिनं जमिनीकडे बोट दाखवलं.

तेव्हा त्याला नळी आठवली... निवाऱ्यात हवा जायची ती. त्यानं हात जोडले. "चुकलो... कळलं नाही मला. गोळा काढतो. पोरीला सोडा."

"काका, डच भुतांना मराठी कळतं?" ऐकता ऐकता अभिरामनं मध्येच चिडवलं, पण आवाज बारीक होता.

"गुदमरणाऱ्याला कुठली भाषा लागते रे?"

मागचं दार आपसूक उघडलं. पोरीला खांद्यावर टाकून शशिकांत धावला. बाहेर गार वारा होता, तरी तिला श्वास घेता येईना. त्यानं झेंडा उपटला. नखांनी माती उकरली. गोळा ओढून फेकला.

नळीनं श्वास घेतला.

लांब...

आणि खांद्यावर नीलांबरीनं टाहो फोडला.

सकाळी मालिनी आली, तेव्हा तो गोळा हातात धरून बसला होता. जी बाजू नळीत होती, तिच्यावर बोटांचे चार खळगे. खालून ढकलल्यासारखे.

"अहो, पोरीचीच बोटं असतील," मालिनी म्हणाली.

नीलांबरीनं बोटं घालून पाहिली. शिरेनात.

खळगे तिच्या बोटांहून लहान होते.