दोराच्या दुसऱ्या टोकाला

खाली गादीच आहे म्हणून तूवानं भिंतीवरून उडी मारली, पण उतरली ती कोणाच्या तरी पाठीवर.

"मेलो!" खालून आवाज आला.

"गादीवर असं पालथं पडतं का कोणी?" घाबरल्यामुळे तिचा आवाज उगीचच चढला. "खूप लागलं का रे?"

"स्क्रू शोधत होतो." तो पाठ चोळत उठून बसला. हडकुळा, केसांत हाताला चोळायची खडूची पूड, ओठांवर हसू... "हा बघ, सापडला. तू दाबलंस आणि थेट नाकाखाली आला."

त्याचं नाव सिंद्रे. ट्रॉनहाइम शहराच्या विद्यापीठातल्या व्यायामशाळेत चढाईची भिंत होती. तिच्यावर रंगीत पकडी बसवून नव्या वाटा आखायचं काम त्यानं या सत्रात घेतलं होतं. तूवा तिथं गेली तीन वर्षं येत होती. चांगली उंच, रुंद खांद्यांची. पण हल्ली ती कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरच चढायची, जिथून पडलं तरी खाली गादी असते.

"पलीकडे सोळा मीटरची भिंत सोडून तू इथं काय करतेस?" सिंद्रेनं विचारलं. "एवढे छान खांदे..."

"काय?"

"म्हणजे... चढायला छान." त्याचे कान लालबुंद झाले.

मग भेटी होऊ लागल्या. चढून झालं की दोघं कॉफीच्या काउंटरशी वॉफल खात बसत, तपकिरी चीजचा एक काप तूवा हमखास त्याच्या बशीतून पळवायची. अशाच एका दुपारी तिनं सांगून टाकलं.

"गेल्या वर्षी बारा मीटरवरून पडले मी. खाली दोर धरायला मारेन होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. कोणीतरी विनोद केला, ती हसायला वळली... एवढंच. घोटा दोन ठिकाणी मोडला. मारेनला मी केव्हाच माफ केलं. पण तेव्हापासून दोर बांधलेला नाही."

सिंद्रेनं बशी बाजूला सारली.

"माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे," तो म्हणाला. "गोंगाटात कोण काय बोलतंय, मला कळतच नाही. म्हणून दोर हातात असला की मी फक्त बघतो. वर."

"फक्त बघतोस?"

"फक्त बघतो."

आणि तो बघतच राहिला. कॉफी पार गार झाली...

"मी तुझ्यापेक्षा जड आहे," तूवा हळूच म्हणाली. "पडले तर तू उडशील."

"मग वर येईन. भेटू."

मार्चमधल्या एका गुरुवारी तिनं दोर बांधला; वरच्या कडीतून फिरून आलेलं दुसरं टोक सिंद्रेच्या कमरपट्ट्यातून गेलं होतं. उंच खिडक्यांवर ओला बर्फ थापला जात होता. सिंद्रेनं तिची गाठ तपासली, पुन्हा तपासली. त्याची बोटं कमरेशी आली तेव्हा तिचा श्वास अडकला — भीतीनंच, असं तिनं स्वतःला बजावलं.

पिवळी वाट त्यानंच नुकतीच आखली होती. सहा मीटर... नऊ... बारा. तिथंच ती थबकली. खाली कोणीतरी मोठ्यानं "सिंद्रे!" अशी हाक मारली. तूवानं दचकून खाली पाहिलं.

तो वळला नव्हता. मान वर, नजर तिच्यावर.

ती पुढं सरकली. एक पकड, आणखी एक... आणि पाय सटकला.

भिंत सर्रकन वर गेली. मग दोरानं तिला अलगद झेललं. डोळे उघडले तर समोर सिंद्रे! तिच्या वजनानं जमिनीवरून पार वर उचलला गेलेला, पाय अधांतरी, दोन्ही मुठींत दोर घट्ट.

"काय म्हणतेस?" त्यानं धापा टाकत विचारलं.

तिला हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू.

"पुरे आज? खाली घेऊ?"

"खाली तू जा," तूवानं डोळे पुसले. "मला वर जायचंय."

या खेपेला बारा मीटर केव्हा मागं पडले ते तिला कळलंही नाही. जिथं पाय सटकला होता तिथं तिनं तो मुद्दाम आपटून रोवला. शेवटची पकड पावाच्या लादीएवढी होती. ती दोन्ही हातांनी कवटाळून तिनं अशी आरोळी ठोकली, की अख्खी व्यायामशाळा थांबली. खालून पहिली शिट्टी आली ती मारेनची; ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

पाय जमिनीला टेकले. सिंद्रे गाठ सोडायला पुढं झाला.

"थांब. सोडलीस तर मी पळून जाईन." तिनं मोठा श्वास घेतला. "मला तू आवडतोस. दोर नीट धरतोस म्हणून नाही... म्हणजे, त्यासाठीही. पण नुसता बसलास समोर तरी आवडतोस."

सिंद्रेनं मान खाली घातली. "पिवळ्या वाटेबद्दल सगळे तक्रार करतात, माहितीये? म्हणतात, पकडी फार लांब लांब आहेत, हातच पुरत नाहीत."

"मला तर पुरले."

"पुरणारच. तुझ्याच हातांच्या मापानं लावल्यात." त्यानं वर पाहिलं. "तीन आठवडे लागले. तोंडानं सांगायला जमत नव्हतं..."

तूवानं खडूनं माखलेल्या दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला, जराशी वाकली, आणि सगळ्यांच्या देखत त्याचं चुंबन घेतलं.