शशिकलावहिनींच्या चपला

चपलांच्या रॅकचा खालचा कप्पा सोडून द्या. बाकी सगळं भरा. भांडी, पुस्तकं, देव्हारा, सगळं खोक्यांत जाऊ दे. कंटेनर मंगळवारी हमद पोर्टला लावायचा आहे आणि श्याम काही आज ऑफिसातून लवकर सुटत नाही. त्या खालच्या जोडीला मात्र हात नको. ती तो स्वतः नेणार आहे, हातातल्या बॅगेतून.

का म्हणजे? नुपूर, तू तुझ्या बाबांसारखीच आहेस, एक गोष्ट सोडत नाहीस. बरं, बसा त्या खोक्यांवर. मिहीर, तो मोबाइल ठेव जरा. सव्वासात झालेत. आठच्या आत सांगून होईल.

श्याम गायधनी नाशिकचा, पंचवटीतला. इथे दोहाच्या पोर्टवर आम्ही एकवीस वर्षं बरोबर आहोत. या घराचं दार उघडलं की तीन पावलांवर समोर दुसरं दार आहे, तिथे तेव्हा हॅरी डाबरे राहायचा. वसईचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. त्याची बायको एलिझाबेथ दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. शशिकलावहिनी, म्हणजे श्यामची बायको, रोज संध्याकाळी पेज घेऊन समोर जायच्या. भरवायच्या, केस विंचरून द्यायच्या, तास-दीड तास बसायच्या. श्याम मला म्हणायचा, "मी घरी येतो तेव्हा चहा थर्मासात आणि बाई समोर." हसत म्हणायचा. पण म्हणायचाच.

एलिझाबेथ गेली. सात महिन्यांनी वहिनी गेल्या. झोपेतच.

श्यामने आठवड्याभरात साड्या वाटून टाकल्या. फोटो कपाटात पालथा ठेवला. चपला तेवढ्या दाराबाहेरच्या रॅकमध्ये राहिल्या. विसरल्या की ठेवल्या, मी कधी विचारलं नाही.

आता मिहीर, देव्हाऱ्यातली ती घंटा उचल. वाजवू नकोस, नुसती उचल. जड आहे ना? वर गरुड नाही, नंदी नाही. कडेला हात फिरव. खडबडीत लागतं? तिथे क्रूस होता. कुणीतरी कानशीने घासून काढलाय.

ती वसईची आहे. सतराशे एकोणचाळीस साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या वसईला वेढा घातला होता. शाळेत चार ओळी शिकला असाल. खाडीच्या चिखलात मोर्चे, तटाखाली सुरुंग, आणि माणसं किती मेली त्याला गणती नाही. किल्ला पडला. चर्चच्या घंटा उतरवल्या आणि गाड्यांवर घालून देशावर आणल्या. नाशकातली नारोशंकराची घंटा त्यांतलीच. आपण देवळात शिरताना हात उंच करून वाजवतो, ती आधी कुणाची होती हे कशाला विचारतोय? श्यामचा पूर्वज सुरुंग खणणाऱ्यांत होता. त्याच्या वाट्याला ही छोटी आली.

ती सकाळच्या पूजेला वाजवायची. दिवेलागण झाली की लोलकाला फडकं बांधायचं. गायधन्यांचा नियम. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. श्यामनेही इथे दोहात तो वीस वर्षं पाळला.

दोन नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. शनिवार. दिवाळीचा पाडवा, वहिनींशिवायचा पहिला. संध्याकाळी सहाला श्याम फराळाचा डबा द्यायला समोर गेला. एवढंच काम. डबा द्यायचा आणि परत यायचं.

हॅरी एकटाच होता. खिडकीशी वेताची खुर्ची होती, श्याम तिच्यावर बसायला गेला.

"तिथे नको रे," हॅरी म्हणाला. "आठला एलिझाबेथ येईल."

श्यामला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण हॅरी अगदी शांत होता. चकली खात होता. म्हणाला, "आज आमचा मृतांचा दिवस. तशी ती रोजच येते. आमच्या गावच्या चर्चमध्ये मेलेल्यांची घंटा होती, माहितेय? रात्री आठला वाजायची. ती ऐकून मेलेले आपापल्या घरी येऊन जायचे. वेढ्यानंतर ती तुमच्या लोकांनी नेली."

"मी नव्हतो त्यांत," श्याम म्हणाला.

"तू कशाला असशील! मग गावाने ठरवलं, घंटा नाही तर नावं. आठ वाजता घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची, एकेक, मोठ्याने. ज्याचं नाव घेतलं तो येतो. तेव्हापासून घेतोय आम्ही."

श्यामने खुर्चीकडे पाहिलं. उशीला मधोमध खळगा पडला होता. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

"आमच्याकडे का येत नाही मग कुणी?" त्याने विचारलं.

"हाक मारतोस का?"

श्याम उठून घरी आला. मला त्याने नंतर सांगितलं, "इतका हेवा मला उभ्या जन्मात कुणाचा वाटला नव्हता. ती जिवंत होती तेव्हा माझी बायको त्याच्या घरी. आता त्याची बायको मेली, तर तीही त्याच्या घरी. आणि मी?" मी हसलो नाही. मीही कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरतो, तुम्हाला माहीतच आहे.

हॅरीजवळ नुसती नावं होती. घंटा श्यामजवळ होती. हे त्याच्या डोक्यात बसलं. आपण तर खरी घंटा वाजवू शकतो.

आठला पाच कमी असताना त्याने पाट मांडला. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. पाडव्याला वहिनी ओवाळायच्या तसं सगळं. ओवाळणी म्हणून पाकीटही ठेवलं. पाटावर बसला. लोलकाचं फडकं सोडलं.

आठ वाजले.

त्याने घंटा वाजवली आणि हाक मारली, "अगं... ये."

पोरांनो, श्यामने तीस वर्षांत वहिनींना नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या घरात पद्धतच नव्हती. त्या "अहो" म्हणायच्या, हा "अगं". चारचौघांत "आमच्या घरातून". त्या रात्रीही त्याला वेगळं काही सुचलं नाही.

घंटेचा आवाज विरला. मग इंटरकॉम वाजला. खालून नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, इरशाद.

"श्याम साब, आपके यहाँ दावत है क्या? इतने लोग ऊपर गए। सब गीले पाँव... मैंने अभी पोंछा लगाया था।"

श्यामने रिसीव्हर ठेवला. दाराशी गेला. भोकातून पाहिलं.

पॅसेजमधले दिवे सेन्सरचे आहेत, तुम्ही येताना पाहिलेत. माणूस आला की लागतात.

जिन्याकडचा दिवा लागला. कुणी नाही.

त्याच्या अलीकडचा लागला. कुणी नाही.

मग याच्या दारावरचा.

वास आला. ओहोटीच्या खाडीचा. कुजका, खारट. आणि दाराच्या पलीकडे... पावलं. पुष्कळ. दाटीवाटीने उभी. कुणी बोलत नव्हतं. नुसतं "अगं"... त्यात नाव नाही, ती हाक कुणाचीही असते. येणारे आले होते.

तेवढ्यात समोरच्या दारामागून हॅरीचा आवाज आला. सावकाश. एकेक.

"बावतीस."

थोडी पावलं सरकली. समोर.

"मोनिका... इनास..."

आणखी थोडी.

"एलिझाबेथ."

मग जरा थांबून... "शशिकला."

दाराला कान लावून श्याम उभा होता. गर्दीतून एक चाल निघाली. डावी चप्पल किंचित फरपटत. तीस वर्षांची ओळखीची. याच्या दाराशी आली...

थांबली.

त्याने तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. म्हणजे, असायला हवं होतं. समोरच्याने इतक्या सहज घेतलेलं नाव. संताप होता, लाज होती, काय होतं कोण जाणे. ते आलं नाही. नुसता श्वास आला.

चप्पल फरपटली. तीन पावलं. समोर.

हॅरीची नावं संपली. दाराशी अजून काही पावलं उरलेली होती. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. न याला, न त्याला.

मग दिवा गेला.

श्याम रात्रभर पाटावर बसून राहिला. पहाटे दार उघडलं. पॅसेज कोरडा. याच्या रॅकचा खालचा कप्पा रिकामा. आणि वहिनींच्या चपला हॅरीच्या दारात. जोडीने, टोकं आत वळलेली. माणूस घरात शिरताना काढून ठेवतो ना, तशा. तळव्यांना काळा चिखल. या देशात काळा चिखल? इथे रेती आहे, मिहीर. नुसती रेती.

हॅरीने दार उघडलं. चपला पाहिल्या. श्यामकडे पाहिलं.

"ती रोजच येते रे," तो म्हणाला. "एलिझाबेथला तिने दोन वर्षं भरवलं. मी तिचं नाव कसं नाही घेणार? तुला सांगायचा धीर झाला नाही."

गेल्या मेमध्ये हॅरी नोकरी सोडून वसईला गेला. समोर आता एक लेबनीज कुटुंब राहतं. आणि श्याम... तुमच्या बाबांना वाटतंय तो उद्या नाशिकला चाललाय. सामान नाशिकला चाललंय. तो वसईला. हॅरी तिथे रोज आठला नावं घेतो. घंटा घेऊन जा, परत कर, असं मी सुचवून पाहिलं. म्हणाला, "सगळंच त्याला देऊ का?" चपला मात्र नेतोय. तिला यायला हव्यात म्हणून.

नाव अजून घेत नाही. हॅरीच्या घरी बसून ऐकेन म्हणाला.

झालं. उठा आता. खलास.

त्या चपला? धुतल्या नाहीत त्याने. सव्वा वर्ष झालं, तशाच आहेत. लांबूनच बघ, नुपूर. हात... अगं, हात लावू नको म्हटलं होतं ना...

बोट दाखव. नाही, पुसू नकोस. इकडे उजेडात ये.

...

ओलं आहे.