शुल्क उतरलं तेव्हा

"ओ साहेब... ते बूट घालून आत नाही यायचं!"

झरीनचा आवाज कोलंबी सोलायच्या शेडभर घुमला आणि दारातला तरुण एका पायावरच थबकला. बाहेर पाऊस रिपरिपत होता. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"मग काय अनवाणी येऊ?"

"गमबूट आहेत तिकडे. चावतील जरा... सोसा."

त्यानं मुकाट्यानं सोसलं.

त्याचं नाव तहा. राहायला पावस गावात, निर्यातदारांच्या संघटनेत कागदपत्रं बघायचा. अमेरिकेनं कोलंबीवरचं आयात शुल्क जबर वाढवलं होतं, मागण्या रद्द होत होत्या. ते उतरवण्यासाठी बोलणी करा, असं निवेदन घेऊन संघटनेची माणसं दिल्लीला जाणार होती. त्यात कामगार बायकांचंही म्हणणं हवं होतं. शेडची देखरेख झरीनकडे, म्हणून ते सांगायचं काम तिच्यावर आलं.

चार दिवस रोज काम सुटल्यावर दोघं कॅन्टीनमध्ये बसली. तो लिहायचा, ती खोडायची.

"'सागरी उत्पादन क्षेत्रातील महिला मनुष्यबळ'... ह्या कोण?"

"तुम्ही."

"मग नाव लिहा ना. साबेरा होडेकर, वय एक्कावन्न. तिची बोटं बघितलीत? बर्फानं कशी सोलवटलीत ती?"

"बोटं... नाही. मी डोळे बघत होतो."

"माझे डोळे निवेदनात घालायचे नाहीत हं!" ती फणकारली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

दिल्लीला निघायच्या आदल्या संध्याकाळी भाट्याच्या पुलावर तो म्हणाला, "शुल्क उतरवून येतो. मग अम्मीला तुमच्याकडे पाठवीन."

"आणि नाही उतरलं तर?"

"तरी पाठवीन... पण रिकाम्या हातानं नको वाटतं गो."

तो रिकाम्या हातानंच परतला. दिल्लीत निवेदन घेतलं, चहा दिला, बोलणी चालू आहेत म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत शेडला कुलूप लागलं. संघटनेनंही माणसं कमी केली, त्यात तहा गेला. त्याला नोकरी मिळाली ती मस्कतच्या मासळी कंपनीत. तिथल्या मालावर शुल्क कमी, म्हणून इथल्या मागण्या तिकडे वळलेल्या.

"ज्यांनी आपलं काम नेलं, त्यांच्याकडेच चाललोय मी," तो मान खाली घालून म्हणाला.

"घर चालवायला चाललायस. लाज कसली त्यात?"

"तीन वर्षांचा करार आहे... थांबशील?"

झरीनचे अब्बा, हारुन, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून तिला कुठं जाता येणार नव्हतं. आणि तहाची अम्मी त्याच्या लग्नासाठी अडून बसलेली. त्याला आशेवर किती झुलवायचं?

"नाही थांबणार," ती म्हणाली. "तूही थांबू नकोस."

तिला वाटलं होतं, तो भांडेल. तो भांडला नाही.

थंडी सरता सरता पावसहून कळलं... तहाचं मामेबहीण रुबिनाशी ठरलं. आणि त्याच आठवड्यात मस्कतहून त्याचा फोन आला.

"झरीन, शुल्क उतरलं! आत्ताच वाचलं... पहिला फोन तुलाच!"

"मुबारक."

"मला कशाला? शेड तर तुझी..."

"रुबिनासाठी म्हटलं."



"तूच म्हणालीस, थांबू नकोस," तो हळूच म्हणाला.

"हो... खोटं बोलले होते."

"झरीन... आता सांगतेस?"

सांगायला नको होतं. पण निघून गेलं होतं तोंडून.

"शब्द दिलायस ना तिला? मोडू नकोस," तिनं कसंबसं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग ओढणी सारखी करून ती साबेराखालाच्या दारात गेली. "खाला, शुल्क उतरलं. शेड उघडणार."

साबेरानं हाक मारली तशा मोहल्ल्यातल्या बायका जमल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सगळ्याच रडत होत्या, म्हणून झरीनला कुणी काही विचारलं नाही.