तळ्यातलं ढेकूळ

मानपाड्याच्या पलीकडची ती जमीन आम्ही मंदासाठी घेतली. ते अठराशे सत्त्याण्णव साल होतं. मुंबईची प्लेगची साथ कल्याणात पोहोचली होती. आमच्या आळीत उंदीर मरून पडू लागले होते, आणि आमची मंदाकिनी अवघी सहा वर्षांची. मी पुण्याला पदार्थविज्ञान आणि रसायन शिकले होते; मोकळी हवा आणि निर्मळ पाणी यांखेरीज मला दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

जमीन चांगली होती. उताराला गुडघाभर गवताचं कुरण, वर ऐन-जांभळीचं रान, मधल्या खोलगटात तळं. तळ्याचं पाणी मी बाटलीत भरून पाहिलं, आटवून पाहिलं. गाळ नव्हता, वास नव्हता. एवढं गवत असून शेण मात्र कुठेच दिसलं नाही. गुरं इथे का सोडत नाहीत, असं मी जमीन विकणाऱ्या पंढरीला विचारलं.

"लाडावलीत, बाय," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

व्यवहार झाल्यावर तिथल्या रिवाजाचं एक काम उरलं. घेणाऱ्याने तळ्यातलं ओलं ढेकूळ डोक्यावर घेऊन जमिनीच्या शिवेभोवती फिरायचं.

"मास्तर, उचला," पंढरी माझ्या यजमानांना म्हणाला. "जो उचलंल त्याला जमीन वळखते."

यजमान कल्याणच्या शाळेत शिकवत. "मला अजून आमचे हेडमास्तर ओळखत नाहीत," ते म्हणाले. "जमिनीने ओळखून काय व्हायचंय? पगडी तेवढी खराब होईल."

"मी घेते," मंदा म्हणाली.

पंढरीची बायको बायजा चटकन पुढे आली. "पोरीला नको, मास्तर."

"अहो, जमीन तिच्यासाठीच तर घेतली," असं म्हणत त्यांनी ढेकूळ स्वतःच्या हाताने मंदाच्या डोक्यावर ठेवलं. मीही हसले.

मंदा फिरून आली तेव्हा गढूळ पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. बायजा पाठ फिरवून उभी होती. "झालं," पंढरी म्हणाला, आणि दोघं झपाझप शिवेबाहेर निघून गेली.

आम्ही झोपडी बांधून राहिलो. मंदाला भूक लागू लागली, गालांवर रंग चढला. रोज सकाळी ती शिवेच्या कडेने चक्कर मारी. वारा नसला तरी तिच्या दोन हात पुढचं गवत आधीच वाकलेलं असे. मुंगूस असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग मला दिसलं, की उन्हाने तापलेल्या मातीवर तिची पावलं ओली उमटतात. त्या सकाळी ती तळ्याकडे गेलीच नव्हती.

साथ ओसरल्याचं कळलं तेव्हा आम्ही गाडी जुंपली. शिवेचा दगड ओलांडताच मंदा माझ्या मांडीवर कलंडली. डोळे उघडे होते. मी तिचं मनगट धरलं. नाडी नव्हती. श्वासही नव्हता.

"गाडी मागे घ्या," मी म्हणाले.

दगडाच्या आत येताच माझ्या बोटांखाली ठोके सुरू झाले. "आई, कधी निघायचं?" मंदाने विचारलं.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मी शिकले होते. मी गाडी पुन्हा बाहेर न्यायला लावली. यजमान रडू लागले तेव्हा मी थांबले.

पंढरीच्या घरी मी एकटीच चालत गेले. बायजाने पाणी दिलं.

"दुसऱ्यानं ढेकूळ उचललं की पोर सुटंल," पंढरी जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि तो दुसरा?"

पंढरी उठून आत गेला.

"मास्तरांना इचारू नको," बायजा हळूच म्हणाली. "ते आधी पगडी काढून ठेवतील, मग इचार करीत बसतील."

मी परतले तेव्हा यजमान झोपडीमागे बैलांना पाणी पाजत होते. मी तशीच तळ्यात उतरले. पाणी गार होतं. ढेकूळ मात्र कोमट होतं.

शिवेवरून चालताना पुढचं गवत वाकत गेलं.

"हे काय केलंस?" माझा चिखलाने माखलेला पदर पाहून ते म्हणाले.

"मी इथे राहीन. तुम्ही शनिवारी येत जा," मी म्हणाले. "आता तिला न्या. दगड ओलांडला की नाडी पाहा. लागली तर हात वर करा."

गाडी दगडापलीकडे गेली. मी दगडाला टेकून उभी राहिले.

यजमानांनी मंदाचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग हात वर केला.

मीही हात वर केला.

मंदाने वळून थेट माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आई कुठे गेली?"

त्यांनीही वळून पाहिलं; त्यांची नजर माझ्यावरून तशीच पुढे सरकली. गाडीतून उडी टाकली. चारचौघांत ज्यांनी कधी माझं नाव घेतलं नव्हतं, ते मोठमोठ्याने नाव घेऊन हाका मारू लागले.

मी ओ दिली. प्रत्येक हाकेला ओ दिली.