एकदाच वाजणारी फीत

"फीत चोरीला गेली," असं म्हणत ग्रिमंडसाहेब जे बसले ते थेट मांजरावर. मांजर केकाटून उठलं, साहेबही उठले, आणि आधी कोणाची समजूत घालावी हेच टॉर्किलला कळेना.

टॉर्किल हा स्कॉटलंडजवळच्या त्या बेटावरचा निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं घरोघर पत्रं टाकल्यामुळे कोणाच्या घरी काय चाललंय हे त्याला बसल्या जागी ठाऊक असे. फक्त त्याचा अर्थ काय, ते मर्डिनाला विचारावं लागे. मर्डिना मॅकॲस्किल त्याच्याच वर्गातली. वीस वर्षं ग्लासगोत एका विमा कंपनीसाठी लबाड्या हुडकून ती गावी परतली होती आणि आपल्या स्वयंपाकघरातूनच खासगी तपासाची कामं घेत होती. बेटावर अशी कामं म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कळपात सापडलेली मेंढी.

"कुठली फीत?" मर्डिनानं चहा ओतत विचारलं.

"लॅकलन मॉरिसनची."

टॉर्किलनं हातातली ओटची भाकरी खाली ठेवली.

रेडिओ केंद्राचं पत्रक बेटावरच्या प्रत्येक दुकानाच्या दारावर लागलं होतं. 'बेटांचा आठवडा'. सोमवारी हेरिंग मासळीच्या मोसमाच्या आठवणी, मंगळवारी टीव्हीवर मागावरच्या विणकरांचा लघुपट, गुरुवारी शाळेतल्या मुलांचं नाटक, आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला लॅकलन मॉरिसनचं वल्ह्यांचं गाणं. एकोणीसशे चोपन्न सालचं ध्वनिमुद्रण. बुधवारी त्याच पत्रकावर एक चिठ्ठी चिकटवली गेली: हे गाणं आता रविवारी सातला.

"ग्लासगोवाल्यांना ती कल्पना इतकी आवडली की सगळ्या स्कॉटलंडला ऐकवायचं म्हणाले," ग्रिमंड म्हणाले. मूळचे डंडीचे, दोन वर्षांपूर्वी केंद्राचे प्रमुख म्हणून आलेले, कामसू आणि सरळ माणूस. "पण फीत पंचवीस वर्षांची. इतकी ठिसूळ झालीय की एकदा वाजेल, दुसऱ्यांदा तुकडे पडतील. ती वाजत असतानाच तारेवरून ग्लासगोत नक्कल उतरवून घ्यायची, असं ठरलं होतं. ती नक्कल इथे यायला आठवडा लागेल."

"आणि किर्स्टी-ॲन काकू सोमवारच्या बोटीनं जाणार," टॉर्किल हळूच म्हणाला.

किर्स्टी-ॲन ही लॅकलनची बायको. वय ब्याऐंशी. सोमवारी तिला मोठ्या ऑपरेशनसाठी पलीकडे न्यायचं होतं आणि परत येण्याची शाश्वती डॉक्टर देत नव्हते. लॅकलनला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं त्या बाईनं नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो," ग्रिमंड म्हणाले. "पोलीस सोमवारपर्यंत नुसता अर्जच लिहीत बसतील. आज शनिवार. काल संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः फीत कपाटात ठेवली. आज सकाळी ग्लासगोनं तिची लांबी विचारली म्हणून डबा उघडला, तर आत भलतीच फीत."

"कपाटाची किल्ली?"

"कपाटाशेजारच्या खिळ्यावर."

"म्हणजे चोराला फारच त्रास पडला असेल," मर्डिना म्हणाली आणि कोट चढवायला उठली.

---

केंद्र म्हणजे बंदराजवळची दोन खोल्यांची बैठी इमारत. तिथं ऊना होती. पंचवीसेक वर्षांची, ध्वनियंत्र सांभाळणारी. बोलता बोलतासुद्धा ती एक फीत उलटी गुंडाळून ठेवत होती.

मर्डिनानं तो डबा उघडला. आतल्या रिळाचं बाहेरचं टोक लाल होतं.

"प्रत्येक फितीच्या सुरुवातीला हिरवी पट्टी असते, शेवटी लाल," ऊनानं सांगितलं. "लाल टोक बाहेर म्हणजे फीत शेवटपर्यंत वाजली आणि कोणी परत गुंडाळली नाही. मी तर असं कधीच ठेवत नाही. रात्री झोप लागणार नाही मला."

"आणि ही कसली फीत आहे?"

"गुरांच्या बाजारभावांची. काल सहाला यंत्रावर लावली, साडेसहाला संपली. मग ग्लासगोच्या बातम्या थेट जोडल्या आणि मी मागं चहा करायला गेले. सात वाजता आले तर यंत्र रिकामं. म्हटलं, साहेबांनीच उचलली असेल."

"मी तर पावणेसहालाच गेलो होतो," ग्रिमंड म्हणाले. "डॉक्टर पेडींना घेऊन. हॉटेलात नऊपर्यंत जेवत होतो."

डॉक्टर पेडी हे एडिनबरोचे लोकगीतांचे अभ्यासक. ही फीत दुरुस्तीसाठी आपल्याकडे द्या म्हणून ते तीन दिवस ग्रिमंडच्या मागे लागले होते. टॉर्किलनं मर्डिनाला कोपरानं ढोसलं. त्याचा चोर ठरला होता.

"तू एकटीच होतीस मग?" मर्डिनानं ऊनाला विचारलं.

"पावणेसातपर्यंत फिनले होता, निवेदन करायला. त्यानंतर रात्री अकरापर्यंत मी एकटी. रोज असंच असतं." ती जरा घुटमळली. "फिनले बुधवारी साहेबांवर चिडला होता. पत्रक बदललं तेव्हा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही हे मुद्दाम केलंत. साहेब म्हणाले, अर्थातच मुद्दाम. मग तो दार आपटून गेला."

"रविवारी सात म्हणजे सगळ्यात मानाची वेळ," ग्रिमंड गोंधळून म्हणाले. "त्याच्या शनिवारच्या नाचगाण्यांना एवढा मान मिळत नाही म्हणून चिडला असेल. कलावंत माणसं, दुसरं काय."

ऊना फीत गुंडाळत राहिली.

फिनले बाहेर आपल्या गाडीपाशी भेटला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज असा की हवामानाचा अंदाजही ऐकत राहावा. लहानपणी बाप गेल्यावर तो लॅकलनच्या होडीवर वाढला होता. त्याचं म्हातारं कुत्रं ब्रान पुढच्या सीटवर बसलं होतं आणि त्यावर खूश दिसत नव्हतं.

"हा नेहमी मागं असतो ना?" टॉर्किलनं त्याचं डोकं खाजवत विचारलं.

"म्हातारा झालाय. थंडी लागते त्याला," फिनले म्हणाला. बोलताना त्यानं कंबर धरली.

"काय झालं?"

"मेंढी उचलली. तू कशाला चौकशा करतोस? आता पत्रं वाटत नाहीस ना?"

"फितीबद्दल काय वाटतं?" मर्डिनानं विचारलं.

"गेली असेल तर गेली. रविवारी नाही वाजली म्हणून बेटावर कोणी रडणार नाही." असं म्हणून तो गाडीत बसला आणि निघून गेला.

हॉटेलात डॉक्टर पेडी फीत गेल्याचं ऐकून पांढरेफटक पडले. "तुम्हाला कल्पना नाही," ते म्हणाले. "घरगुती यंत्रावर ते रीळ बसतसुद्धा नाही. तेवढं मोठं यंत्र इथं केंद्रात आहे आणि एक जुनं, मणभर वजनाचं, शाळेत. भलत्या माणसानं हात लावला तर संपलं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. टॉर्किलला आपल्या चोराबद्दल पहिल्यांदा शंका वाटू लागली.

---

दुपारी तीनला ते किर्स्टी-ॲनकडे पोचले. दारात पाण्याच्या दोन बादल्या भरून झाकलेल्या होत्या, चुलीशी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, ढेपांचा ढीग रचलेला, पातेल्यात उद्याचे बटाटे सोलून पाण्यात ठेवलेले. शनिवारच्या दुपारी बेटावरच्या कुठल्याही घरात जे दिसतं तेच. टॉर्किलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला नवल वाटलं ते तिच्या कपड्यांचं. काळा ठेवणीतला ब्लाउज, गळ्याशी चांदीची पिन, केस नीट बांधलेले.

"काकू, बोट सोमवारी आहे," तो म्हणाला. "आजच तयारी?"

"मेल्या, मला वार कळतात," किर्स्टी-ॲन म्हणाली. "बस. स्कोन खा. टेबलावर काही ठेवू नकोस मात्र."

खिडकीजवळचं टेबल पुसून मोकळं केलं होतं. नेहमीचा दिवा खाली उतरवलेला, त्याची वायर भिंतीतून काढलेली. मर्डिनानं तिकडे एकदाच पाहिलं आणि स्कोनला लोणी लावत राहिली.

"गाण्याबद्दल ऐकलंत का?" तिनं विचारलं.

"रविवारी आहे, एवढं ऐकलं." म्हातारीनं मांडीवरचा एप्रन सारखा केला. "शुक्रवार होता तेव्हा बरं वाटलं होतं. असू दे. साहेबांचं काही तरी कारण असेल. त्या परक्या माणसाला बोल लावू नये."

बाहेर आल्यावर मर्डिनानं घड्याळात पाहिलं. मग म्हणाली, "टॉर्किल, सगळ्यांना साडेपाचला केंद्रात बोलाव. फिनलेला आधी गाठ. घरून निघायच्या आत."

---

साडेपाचला त्या दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक कुत्रं दाटीवाटीनं उभं होतं.

"लाल टोकापासून सुरू करू," मर्डिना म्हणाली. "डब्यात टाकलेली फीत साडेसहापर्यंत यंत्रावर वाजत होती. म्हणजे अदलाबदल त्यानंतर झाली. तेव्हा ग्रिमंडसाहेब आणि डॉक्टर पेडी हॉटेलात समोरासमोर जेवत होते. ते दोघंही सुटले."

पेडींनी कपाळ पुसलं.

"उरली ऊना. पण ऊना फीत उलटी गुंडाळल्याशिवाय डब्यात घालेल? आणि तिला ती पळवायची गरज काय? रोज रात्री चार तास ती इथं एकटी असते, यंत्र हाताशी. हवं ते वाजवावं. फीत बाहेर कोण नेईल? ज्याला ती दुसरीकडे वाजवायची आहे तो. त्यासाठी दुसरं यंत्र लागतं, आणि ते शाळेत आहे. फिनले, तुझी कंबर मेंढीनं नाही धरली. मागच्या सीटवर ते यंत्र आहे म्हणून ब्रानला पुढं बसावं लागलं."

फिनलेनं कुत्र्याकडे पाहिलं, जणू चुगली त्यानंच केली होती.

"पण का?" ग्रिमंडना राहवलं नाही. "तुझा तर जीव होता त्या माणसावर."

"म्हणूनच." फिनले म्हणाला. "एकदाच वाजणार होती ना ती? मग जिची आहे तिच्यासमोर वाजू दे. आज सहाला घेऊन जाणार होतो. स्कॉटलंडचं मला काय करायचंय? त्या बाईनं मला जेवू घातलंय."

"पण उद्या ती घरीच असणार. रेडिओ आहे तिच्याकडे."

शेवटी ऊना म्हणाली, "साहेब, रविवारी ती रेडिओ लावत नाही."

"का?"

"रविवार असतो म्हणून. देवाचा दिवस. ती पाणीसुद्धा आदल्या दिवशी भरून ठेवते. बेटावरचं कुठलंही म्हातारं माणूस रविवारी रेडिओला हात लावत नाही."

ग्रिमंड खुर्चीत बसले. या वेळी खाली मांजर नव्हतं. "दोन वर्षं," ते म्हणाले, "रविवारी तक्रारीचा एक फोन येत नाही. मला वाटायचं, रविवारचे कार्यक्रम लोकांना फार आवडतात." मग त्यांनी फिनलेकडे पाहिलं. "मुद्दाम केलंत म्हणालास, ते हे?"

"मला वाटलं, ठाऊक असून करताय."

"अरे, मग सांगायचं होतं एकानं तरी."

"तुम्हाला कोणी हेही सांगितलं नसेल की समुद्र खारट असतो," टॉर्किल म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. पाण्याच्या बादल्या त्याच्याही डोळ्यांसमोरच होत्या. "सांगायचं असतं हेच आमच्या लक्षात आलं नाही."

"गुन्हा म्हणाल तर तो सगळ्या बेटाचा आहे," मर्डिना म्हणाली. "आणि फिनले, तूही थोडक्यात वाचलास. कंबर दुखणाऱ्या माणसानं धक्के खात नेलेली फीत तिच्या टेबलावरच तुटली असती, तर तिला काय सांगितलं असतंस?"

फिनलेनं कोटाच्या आतून, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं रीळ काढलं आणि ऊनाच्या हातात दिलं.

ग्रिमंड उठले. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग फोन उचलला. "ग्लासगो? मी ग्रिमंड. आज सातला तार मोकळी ठेवा. हो, आज. नक्कल आज उतरवून घ्या, तुम्ही उद्या खुशाल वाजवा. नाचगाणी? ती रद्द. कारण? कारण उद्या रविवार आहे." फोन ठेवून ते म्हणाले, "फिनले, निवेदन तू कर. मर्डिनाबाई, तुम्ही तिकडे जा. रेडिओ लावायला कोणी तरी हवं."

---

सातला पाच मिनिटं कमी असताना किर्स्टी-ॲननं रेडिओ स्वतःच लावला. मर्डिना आणि टॉर्किल भिंतीला टेकून उभे राहिले. फिनलेनं फक्त नाव सांगितलं, साल सांगितलं आणि तो गप्प झाला. थोडी खरखर झाली.

मग लॅकलन गाऊ लागला.

वल्ह्यांचं गाणं एकट्याचं नसतं. एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी वल्ही मारत उत्तर द्यायचं. फितीवर लॅकलन एकटाच होता, तरी सवयीनं तो प्रत्येक ओळीनंतर थांबत होता. पहिल्या ओळीनंतर तिथं नुसती शांतता होती. दुसऱ्या ओळीनंतरही.

तिसऱ्या ओळीनंतर किर्स्टी-ॲन गायली. आवाज बारीक, कापरा, पण ताल चुकला नाही. तो ओळ म्हणे, ती उत्तर देई. पुढच्या ओळींत एकही जागा रिकामी राहिली नाही. टॉर्किल रडत होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

गाणं संपलं. फितीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि लॅकलन ध्वनिमुद्रण करणाऱ्याला म्हणाला, "झालं ना? मग निघतो मी. बायको वाट बघत असेल."

"बघतेय की," किर्स्टी-ॲन म्हणाली, आणि रेडिओवर हात ठेवून तशीच बसून राहिली.